थाळीवरच्या कथेला शाळेत जागा द्या

प्रति,
मा. सचिव, आदिवासी विकास विभाग,
मा. सचिव, शालेय शिक्षण विभाग,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

स. न. वि. वि.

मी सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. घर कोकणा आदिवासींचं, शिक्षण आश्रमशाळेतलं. हे पत्र एकाच मागणीसाठी लिहितो आहे. आमच्या पाड्यापाड्यांवर कथा सांगणारी, गाणारी जी माणसं आहेत, त्यांना शाळेत शिकवणारा माणूस म्हणून जागा द्या, वेळ द्या आणि कामाचा मोबदला द्या. स्नेहसंमेलनापुरतं नको. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, हार घालून फोटो काढण्यापुरतं तर मुळीच नको.

ज्यांनी थाळीवरची कथा ऐकलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. काशाची थाळी जमिनीवर ठेवायची. तिच्या मधोमध मेणाचा गोळा दाबून बसवायचा आणि त्यात एक बारीक सुकी काडी उभी रोवायची. सांगणारा समोर मांडी घालून बसतो आणि दोन्ही हातांच्या बोटांनी ती काडी वरून खाली ओढत राहतो. काडी थरथरते, थाळी घुमायला लागते. त्या घुमण्यावर कथा चालते, ती रात्र सरेपर्यंत. सांगणारा ओळ टाकतो, शेजारी बसलेला साथीदार ती झेलतो. कुठे गाणं, कुठे नुसतं बोलणं, मध्येच एखाद्या म्हातारीने विचारलेलं काहीतरी. मुलं आईच्या मांडीवर झोपतात, जागी होतात, पुन्हा ऐकतात. पुढच्या वर्षी तीच कथा परत लागते, आणि गेल्या वेळी जिथे डोळा लागला होता तिथून पुढचं तेव्हा समजतं.

या कथांत कणसरी आहे, म्हणजे धान्याची देवी. धान्य आलं कुठून, त्याचा मान कसा राखायचा, बियाणं कोणी जपायचं, हे तिच्या कथेत येतं. डोंगऱ्यादेव आहे, म्हणजे डोंगराचा देव. रामाची कथासुद्धा आहे, पण तिच्यातली माणसं आमच्यासारखी बोलतात, आमच्यासारखी जेवतात. शेती, जंगल, नातीगोती, आजारपण, मरण, सगळं त्यात ओवलेलं आहे. आणि शिक्षक म्हणून मला सगळ्यात मोलाची वाटते ती शिकवण्याची रीत. चार वर्षांचं मूल आणि सत्तर वर्षांचा म्हातारा एकाच वर्गात बसलेले असतात. कोणी कोणाला मागे ठेवत नाही. आधी नुसतं ऐकायचं. मग कधीतरी धीर करून ओळ झेलायची. मग साथीदार व्हायचं. बरीच वर्षं साथ केल्यावर एखाद्या रात्री जाणता माणूस थाळी आपल्याकडे सरकवतो, तोच निकाल. आपण प्रशिक्षणांत ज्याला ‘कृतीतून शिक्षण’ म्हणतो, ‘सहाध्यायी’ म्हणतो, ‘सातत्यपूर्ण मूल्यमापन’ म्हणतो, त्यातलं काय यात नाही, ते मला सांगा.

आता अडचण कुठे आहे ते मांडतो. राज्यात सुमारे ५०० शासकीय आश्रमशाळा आहेत आणि अनुदानित आश्रमशाळाही जवळपास तेवढ्याच. या शाळांबद्दल मी कृतज्ञ आहे. दोन वेळचं जेवण, वह्या-पुस्तकं, अंगावर कपडा आणि पुढची वाट मला तिथेच मिळाली. आमच्या पिढीतले बहुतेक शिक्षक, नर्स, तलाठी याच शाळांतून आले. पण आमची कथा रात्री सांगतात, आणि रात्री आमचं मूल वसतिगृहात असतं. सहा-सात वर्षांचं असताना ते घरातून निघतं आणि दिवाळीला, उन्हाळ्याला परत येतं. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव बसतो तेव्हा शाळेचं दुसरं सत्र भरात असतं. खळ्यावर धान्य येतं, माणसं एकत्र बसतात, तेव्हा मूल तिथे नसतं. नामांकित शाळा योजनेत निवडलेली मुलं तर तालुका-जिल्हा सोडून लांबच्या इंग्रजी शाळेत जातात. कोणी जाणूनबुजून कथा बंद पाडली असं मी म्हणत नाही. ज्या तासांत आमचा समाज मुलांना शिकवायचा, नेमके तेच तास निवासी शाळेने घेतले. त्या बदल्यात त्या तासांत जे शिकवलं जात होतं त्याची सोय मात्र कोणी केली नाही.

गावच्या शाळेत मुलं रात्री घरी असतात, तरी तिथेही दुवा सैल झाला आहे. घरी मोबाइल आला. आईबाप द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे जातात, तेव्हा मुलंही जातात किंवा आजीपाशी राहतात. कथा सांगणाऱ्याचा स्वतःचा मुलगाच साथीला बसत नाही, कारण बसून त्याला काही मिळत नाही, उलट मजुरी बुडते. म्हणून म्हणतो, शाळेने हात दिला नाही तर ही साखळी आमच्या हयातीतच तुटेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीने ठरवून पाड्यावरच्या एका वयस्क कथाकाराला शाळेत बोलावलं. बाबा सकाळी अकराला आले, धुतलेलं धोतर, खांद्यावर पिशवी. वर्गात बसायला खुर्ची दिली तर बसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, गुरुजी, ही कथा दिवसा नाही सांगत. मी पेचात पडलो, तासाचं नियोजन वहीत लिहून ठेवलं होतं. पण त्यांनी पोरांना नाल्याकडे नेलं. काडी कुठली घ्यायची, किती सुकलेली हवी, पेर कुठे नको, हे दाखवलं. मेण नखाने दाबून बघायला लावलं. तिसरी-चौथीच्या पोरांनी काड्या आणल्या, मोडल्या, पुन्हा आणल्या. दुपारपर्यंत बहुतेकांच्या थाळीतून आवाज निघालाच नाही. ते बोटांचा जोर कमी करा म्हणत राहिले, चिडले नाहीत. मधल्या वेळात कोल्ह्याच्या, सशाच्या गोष्टी सांगितल्या, कोडी घातली. त्या दिवसा चालतात. अखेर चौथीतल्या एका मुलीची थाळी घुमली तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला. त्यांनी तिला थांबवलं नाही, नुसती मान डोलवली.

कथा मग एका संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर झाली. आईबाप, म्हातारीकोतारी सगळे आले. शाळेच्या पालकसभेला कधी न आलेली माणसं मध्यरात्रीपर्यंत शाळेत बसलेली मी त्या दिवशी पाहिली.

बाबांना आम्ही थोडं मानधन द्यायचं ठरवलं होतं. बिल वरच्या कार्यालयातून परत आलं. शेरा असा की ‘व्यक्तीची शैक्षणिक पात्रता नमूद नाही’. ज्या माणसाला कित्येक रात्रींच्या कथा तोंडपाठ आहेत, त्याच्यासाठी आपल्या नमुन्यात भरायला काहीच नव्हतं. ज्यांनी शेरा मारला त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्यासमोर जो नमुना होता त्यानुसार त्यांनी काम केलं. माझं म्हणणं त्या नमुन्याबद्दल आहे, आणि तो बदलणं आपल्या हातात आहे.

वारली चित्रकलेचं उदाहरण आपल्यासमोर आहे. आज महाराष्ट्रातल्या क्वचितच एखाद्या शाळेच्या भिंतीवर वारली चित्र नसेल. शहरातल्या शाळांत तर चित्रकलेच्या तासाला त्रिकोण-वर्तुळं जोडून माणसं काढायला शिकवतात. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण डहाणू-तलासरी-जव्हारकडे लग्नात जो चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने लिहितात, तो नुसता लिहून पुरा होत नाही. धवलेरी त्यावर गाते, देवदेवतांना बोलावते, लग्न लावते. धवलेरी बाई असते, आणि तिच्या तोंडी किती गाणी असतात याची मोजदाद नाही. चित्र सगळ्यांनी घेतलं. ते ज्या गाण्यातून येतं ते गाणं आणि ते गाणारी बाई मात्र शाळेच्या फाटकाबाहेरच राहिली. शाळेच्या भिंतीवर चौक काढणाऱ्या मुलाला मधल्या पालघट देवीचं नाव माहीत नसतं.

तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याचंही तसंच. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचा तो बनतो, आणि भात तयार होण्याच्या सुमारास बाहेर काढतात, वर्षभर वाजवत नाहीत. आपल्या कार्यक्रमांत तो ऑगस्टमध्ये, भात अजून हिरवं असताना, मंचावर वाजवायला लावतात. वाजवणारा मान राखायचा म्हणून वाजवतो. पण समोर बसलेल्या मुलाला त्यातून कळतं ते इतकंच की तारपा म्हणजे पाहुण्यांसाठी वाजवायची वस्तू. हंगामाचं, धान्याचं, थांबण्याचं जे शिक्षण तारप्यात होतं, ते तिथेच संपतं.

कायद्याच्या बाजूने अडथळा नाही, उलट आधारच आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, हे संविधानाच्या अनुच्छेद ३५०क मध्ये १९५६ पासून लिहिलेलं आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये शक्यतोवर मातृभाषेतून शिकवा असं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं, सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगतं आणि स्थानिक कलांच्या जाणकारांना शाळेत शिकवायला बोलवा असंही सुचवतं. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा, १९९६ परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार थेट ग्रामसभेला देतो. आणि शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य आणि कार्यशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. कथाकाराला शाळेत आणायला याहून सरळ दार कुठलं हवं? ते दार मोठ्या वर्गांपुरतं आहे हे मान्य. लहान वर्गांसाठी तासिका तत्त्वावर मानधनाची वेगळी सोय करता येईल.

भाषेबद्दल एक गोष्ट वरच्या पातळीवर नीट पोहोचत नाही, म्हणून लिहितो. मेळघाटातलं कोरकू मूल किंवा गडचिरोलीतलं माडिया मूल शाळेत आलं की त्याला मराठी कळत नाही, हे अधिकाऱ्याला लगेच दिसतं. कोरकू मुंडा गटातली, गोंडी-माडिया द्रविड कुळातल्या, मराठीशी त्यांचं रक्ताचं नातं नाही. आम्हा कोकणा आदिवासींची कोकणी (गोव्याची कोकणी नव्हे), वारली, भिली यांचं तसं नाही. त्या मराठीला जवळच्या वाटतात, म्हणून त्यांना ‘अशुद्ध मराठी’ समजून मूल बोलायला लागलं की दुरुस्त करतात. अशा दुरुस्तीने गप्प बसलेली मुलं मी दरवर्षी पहिलीत पाहतो. २०११ च्या जनगणनेत भिली भाषागटाने एक कोटीचा आकडा ओलांडला, गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख होते, आणि यातली एकही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. ते काम आपल्या खात्यांचं नाही, मला माहीत आहे. पण वर्गात कथा आमच्या भाषेत सांगू देणं हे नक्की आपलं काम आहे.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावचं उदाहरण मी आपल्याला मुद्दाम आठवून देतो. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’ नावाची गोंडी माध्यमाची शाळा काढली. गोटुल ही गोंडांची जुनी शिकण्याची जागा. तरुण मुलंमुली तिथे जमून गाणी, नाच, गावाचे नियम, कामाची रीत शिकायचे. बाहेरच्यांनी तिच्याबद्दल बरंच भलतंसलतं लिहिलं, तो विषय इथे नको. मोहगावकरांनी त्या जागेचं नाव आणि आपली भाषा घेऊन आजची शाळा उभी केली. शिक्षण विभागाने २०२२ मध्ये तिला अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस दिली आणि ग्रामसभेला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. मान्यतेचे नियम असतात, मुलांच्या सुरक्षिततेसाठी असावेतही. पण ज्या गावाने स्वतःहून वर्गणी काढून मुलांना आईच्या भाषेत शिकवायला घेतलं, त्या गावाकडे खात्याने पहिला कागद नोटिशीचा पाठवावा, हे मनाला फार लागलं. तिथे आधी एखादा अधिकारी जाऊन बसायला हवा होता, पाहायला हवं होतं, मान्यतेसाठी काय कमी आहे ते सांगून मदत करायला हवी होती.

हे महाराष्ट्रात कधी झालंच नाही असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी कुरणातच शाळा नेली, तिला कुरणशाळा म्हणत. शंख-शिंपले, बिया, पानं हे तिथलं साहित्य होतं. मुलाच्या वेळेला आणि जागेला मान देऊन शाळा वाकू शकते, हे त्या दोघींनी करून दाखवलं. नर्मदा खोऱ्यातल्या जीवनशाळांनी गेली तीसेक वर्षं खोऱ्यातल्याच तरुणांना शिक्षक करून मुलांच्या बोलीतून सुरुवात केली आहे. ओडिशाने २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून बहुभाषिक शिक्षण सुरू केलं, आता ते एकवीस भाषांत आहे, आणि त्या भाषा बोलणारी माणसं तिथे शिकवायला नेमली जातात. दूर न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८२ पासून आजी-आजोबांनाच बालवाडीत बसवलं, म्हणून त्यांची भाषा आज मुलांच्या तोंडी आहे. यातली बरीच कामं आधी लोकांनी केली आणि शासनं नंतर आली. आपण या वेळी तरी लोकांच्या बरोबरीने यावं.

आमच्याच माणसांचे आक्षेप मला माहीत आहेत, आणि ते हलके नाहीत. अनेक पालक म्हणतात, गुरुजी, कथा आम्ही सांगू, तुम्ही इंग्रजी शिकवा. पोराला नोकरी लागली पाहिजे. त्यांचं चुकत नाही. कथेपायी गणिताचा किंवा इंग्रजीचा तास कमी करा असं मी कुठेही म्हणत नाही. पण जे मूल आपल्या भाषेत रात्रभराची कथा क्रमाने ध्यानात ठेवतं, त्याच्यासाठी मराठीतला उतारा परका राहत नाही, हे मी वर्गात पाहिलेलं आहे. ऐकण्याची, धागा धरून ठेवण्याची, नेमक्या वेळी उत्तर देण्याची सवय भाषा बदलली म्हणून जात नाही.

दुसरा आक्षेप शिकलेल्या मंडळींचा. कथांत देव-भगत आहेत, अंधश्रद्धा शाळेत येईल. आजारी मुलाला भगताकडे न नेता आधी दवाखान्यात न्या, हे मी स्वतः प्रत्येक पालकसभेत सांगतो आणि सांगत राहीन. पण पाठ्यपुस्तकांत पुराणातल्या गोष्टी आपण साहित्य म्हणून शिकवतोच ना? तोच न्याय कणसरीला लावा. तिसरी गोष्ट आमच्या घरातली आहे. थाळीवर बहुधा पुरुषच बसतात. शाळेत मुलींच्या हाती थाळी दिली तेव्हा दोन-चार म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांच्याशी बोलल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही. शाळेत ही कथा आली तर मुली ती शिकतील, आणि कथेला उद्याचे सांगणारे मिळतील. मला यात तोटा दिसत नाही.

हे सगळं रेकॉर्ड करून अ‍ॅपवर टाकू, पुस्तक छापू, असं कोणी सुचवेल. करा, पण ते दुसऱ्या क्रमांकावर. आमच्या भागात येऊन अभ्यासकांनी पूर्वीही रेकॉर्डिंग केली. ती आज कुठे आहेत, हे गाणाऱ्यांच्या घरच्यांना माहीत नाही. शिवाय प्रत्येक कथा सगळ्यांसाठी नसते. काही कार्याच्या वेळीच म्हणायच्या, काही बाहेर द्यायच्या नाहीत. कुठली कथा शाळेत यावी आणि कुठली येऊ नये हे ग्रामसभा सांगेल. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते आहे. तिने आणि विद्यापीठांनी आपल्याकडचं रेकॉर्डिंग त्या त्या पाड्याला परत द्यावं, एवढं झालं तरी मोठं काम होईल.

म्हणून विनंती अशी. अनुसूचित क्षेत्रातल्या प्रत्येक शाळेला, आश्रमशाळेसह, ग्रामसभेने ठरावाने सुचवलेल्या कथाकाराला, धवलेरीला किंवा गोटुलाच्या जाणत्याला तासिका तत्त्वावर बोलावण्याची मुभा देणारा शासन निर्णय काढा. पात्रता ग्रामसभेच्या ठरावाने ठरू द्या आणि बिलाच्या नमुन्यात तसा रकाना घाला. मानधन त्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही इतकं तरी असू द्या आणि ते वेळेवर मिळू द्या. आश्रमशाळांच्या सुट्ट्या जिल्हावार लवचीक करा, म्हणजे कळवण-सुरगाण्याच्या मुलांना डोंगऱ्यादेवाला, गोंदियाच्या मुलांना कचारगडच्या यात्रेला घरच्यांबरोबर जाता येईल. ज्यांना जाता येणार नाही त्यांच्यासाठी महिन्यातून एक रात्र वसतिगृहाच्या ओट्यावर कथेला द्या, अधीक्षकांच्या नोंदवहीत तिला अभ्यासाचीच नोंद मिळू द्या. बिगर-आदिवासी शिक्षक बंधुभगिनींच्या प्रशिक्षणात एक दिवस पाड्यावर ठेवा, ओट्यावर बसून ऐकायला. आणि दप्तराविना दहा दिवसांतले निदान दोन दिवस या माणसांच्या हाती द्या.

सुरुवात सगळीकडे एकदम करा असं मी म्हणत नाही. सुरगाणा, पेठ, जव्हार, धानोरा, धारणी, धडगाव अशा काही तालुक्यांत एक वर्ष करून पाहा. आमच्या शाळेला आधी निवडलंत तर ग्रामसभेचा ठराव तयार आहे, तो मी या पत्रासोबत प्रकल्प कार्यालयातही देतो आहे. यंदाचा डोंगऱ्यादेव मार्गशीर्षात बसेल. त्याआधी शासन निर्णय निघाला, तर ज्यांचं बिल परत आलं होतं त्या बाबांना मी या वेळी हजेरीपटावर नाव घालून बोलावू शकेन. त्यांचं वय आता झालं आहे, आणि साथीला अजून एकही तरुण बसत नाही.

कळावे,

आपला विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षक,
ता. सुरगाणा, जि. नाशिक